मनकर्णाचा हेल

विमल, तू मघाशी फिदीफिदी हासलीस ना? पदर तोंडात कोंबून हासलीस, पण मला दिसलं. डोळ्यात मोतीबिंदू आलाय बाई, आंधळी न्हाई झाले. छबुबाईनं सासूच्या दहाव्याला हेल काढला तर तुला हासू आलं. तुमी शाळा शिकल्या पोरी. तुमाला वाटतं, रडावं तर नाकाला पदर लावून गप मुळूमुळू रडावं. बस हितं. छबुबाई, तू बी बस, चहाचं राहू दे. आज मी माह्या मायचं सांगते. या नेकनुरात ज्यांना ठाऊक व्हतं ते कवाच मेले, बाकी आजपतुर कुणाला सांगितलं न्हाई. दगडामावशीनं लगीन कावून केलं न्हाई म्हणून माह्या माघारी कुजबुजता ना, ते बी कळंल. पण मधी कुणी बोलायचं न्हाई. मला राग येतो.

माही माय मनकर्णा. सासर चकलांब्याचं. आमी धनगर. निजामाचं राज्य व्हतं तवा, रझाकारांच्या लई आधीची गोष्ट. दिसभर मेंढरामागं, सांजच्याला चुलीपुढं, बाकी तिच्या जिंदगीत सांगण्यासारखं काय न्हाई. माह्या आधीची दोन पोरं देवीनं नेली, म्हणून माहं नाव दगडा ठिवलं. तिची पंचक्रोशीत ख्याती व्हती ती एकाच गोष्टीची, रडण्याची.

बघ, परत दात काढले! अगं, तवाचं रडणं म्हंजे नुसतं पाणी काढणं न्हवतं. मयताच्या गावाची वेस दिसली की बाईनं सुरात रडत हेल काढायचा, तो घरापतुर तुटू द्यायचा न्हाई. तिथं गेलं की गळ्यात गळा घालून सगळं सांगायचं. मेलेलं माणूस कसं व्हतं, काय खायचं, कुणाला काय बोललं, आपलं त्याचं काय नातं, आपण काय भोगलं. सगळं खरं. माही माय हेल काढायला लागली की चिलीम वढणारे बाप्ये चिलीम इसरायचे. लोक म्हणायचे, मनकर्णा आली की मढं बी कान टवकारतं.

आन् त्या हेलात बाईनं काय बी बोलावं. मला चकलांब्याची एक सून ठाऊक हाय. तिनं सासऱ्याच्या मढ्यापुढं, सासूच्या गळ्यात पडून, 'तुमी मला बाळंतपणात उपाशी ठिवलं गं' म्हणून सांगितलं. सासू तिच्या पाठीवरून हात फिरवीत व्हती. कुणी जाब इचारायचा न्हाई, कुणी मनावर घ्यायचं न्हाई. हेल संपला, चूळ भरली, की बोललेलं सगळं त्या पाण्यासंगं गेलं. एरवी चार बाप्यांत बाईला जबान उघडायची सोय न्हाई. मढं पडलं तरच आख्खं गाव तिचं ऐकणार, आन् ऐकून इसरणार. लई सोयीची रीत, मेली!

माही थोरली बहीण मुक्ता. ती उमापुरात आप्पारावाच्या घरी दिली व्हती. आप्पाराव म्हंजे आमच्यातलं बडं प्रस्थ. जागीरदाराचं कुरण त्याच्या हाती. त्यानं हो म्हणलं तर तुमची मेंढरं गवत खाणार, न्हाई म्हणलं तर माळावरचे गोटे चाटणार. माहा बा, धुळाजी, त्याच्यापुढं कायम वाकलेला. त्याचा पोरगा गहिनीनाथ, मुक्तीचा नवरा, गरीब गाय. मायच्या शब्दाबाहेर न्हाई. आन् ती माय केसरबाई! तिचं तोंड सुरू झालं की कुत्रं बी अंगणातून उठून जायचं. लगीन होऊन तीन वर्सं झाली तरी मुक्तीला मूल न्हाई, म्हणून त्या तोंडाला आराम न्हवता.

एका उन्हाळ्यात सांगावा आला, मुक्ताला पटकी झाली आन् गेली. पटकीचं नाव काढलं की माणसं रस्ता बदलायची, मढ्याजवळ कुणी फिरकायचं न्हाई. पण सवाष्ण मेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. माय लुगडं घिऊन गेली. केसरबाई दारातच आडवी आली. "पटकीचं हाय, हात लावू नगंस, वरूनच टाक लुगडं." माय म्हणली, "मीच जन्माला घातलीय, मीच न्हाऊ घालीन." तिला ढकलून ती आत गेली.

मायनं लुगडं सोडायला घेतलं तर ते पोटापाशी सुटंना. पाणी घालून घालून सोडवलं. पोटावर तीन डाग व्हते, वीतभर लांब. चिघळलेले, पू झालेले. माय धनगराची पोर, तिला वळखायला कितीसा यळ लागतोय! मेंढी गाभण राहिना की आमच्यात इळा लालबुंद तापवून तिच्या पोटाला तीन डाग देतेत. गुण येतो म्हणतेत. मुक्तीला तसंच धरून डाग दिले व्हते. हातांना दोऱ्याचे वळ व्हते. पटकी न्हाई आन् फिटकी न्हाई. कुणी जवळ येऊ नये म्हणून पटकीचं नाव घेतलं व्हतं.

मायनं तिला न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, लुगडं नेसवलं, आन् घरी येऊन बाला सगळं सांगितलं. बानं फेटा काढून खाली ठिवला. मंग म्हणला, "मेलेली परत येत न्हाई, मने." तिसऱ्या दिवशी आप्पाराव आमच्या दारात आला. मेलीच्या जागी पाठची द्यायची, ही आमच्यातली रीत. पोरगा तरणा हाय, घर उघडं पडलंय, दहाव्याला चार माणसं जमतील तवाच धाकटीला कुंकू लावून टाकू म्हणला. बानं 'मंजूर' म्हणून टाकलं.

धाकटी म्हंजे मी. आठ-नऊ वर्सांची आसंन.

मायनं बाचे पाय धरले. त्याच घरात, त्याच इळ्याखाली दुसरी देणार का म्हणली. "तुही मेंढरं जगवायला माही पोर भाजायची का रे मुडद्या?" आसं तोंडावर म्हणली. बानं तिला कधी मारलं न्हवतं, त्या दिशी मारलं. मंग ती उमापूरच्या पाटलाकडं गेली. मोहनराव पाटील वाड्याच्या दाराशी, ढेलजंत बसला व्हता. त्यानं तिला पायरी चढू दिली न्हाई. "तुहा नवरा कुठंय? बाईमाणसाची फिर्याद मी ऐकू का आता?" गेवराईला तहसिलीत जावं, तर तिथं अर्जी उर्दूत. ती लिहिणारा पायजे, आन् बाईमागं उभा राहणारा बाप्या पायजे. बाप्या कुठनं आणायचा? सख्खा नवरा तर पलीकडच्या पंगतीला जाऊन बसलेला.

मंग तिच्या ध्यानात आलं. दहाव्याला आपल्याला रडायचं हाय. रडताना आपल्याला कुणी गप करू शकत न्हाई. आख्ख्या उमापुरापुढं मुक्तीचं सगळं सांगायचं. येवढं ऐकल्यावर कोणत्या तोंडानं दुसरी पोर मागतेत ते बघू. तेवढीच एक आशा. दहावा झाला की हेल संपला, मंग जन्मात मुक्तीच्या नावानं रडता येणार न्हाई. ती रातंदिस मेंढरामागं फिरत पुटपुटत व्हती. मला वाटलं मायला येड लागलं.

दहाव्याला आमाला उमापूरला नेलं. मला नवा हिरवा परकर घातलेला, बानं मनगट घट्ट धरलेलं. वढ्याच्या काठी माणसं जमली व्हती, एकीकडं बाप्ये, एकीकडं बायका. पाटील घोंगडीवर बसला व्हता. मायनं वेशीपासनं हेल काढला.

"अगं माह्या मुक्ते गं, उमापूरच्या वाटंला तुला मीच लावून दिली गं… पटकी पटकी म्हणतेत गं, तुहं पोट मी बघितलं गं… मेंढरावाणी बांधली गं, मेंढरावाणी धरली गं… लाल इळ्यानं डागली माही बाई गं… लुगडं जखमंला चिकटलं, कुणी सोडवलं न्हाई गं… पाणी पाणी केलं असशील, कुणी दिलं न्हाई गं…"

काय सांगू तुमाला! दगडाला पाझर फुटावा. सगळं सांगितलं तिनं, एक गोष्ट ठिवली न्हाई. नावानिशी सांगितलं. बायका धाय मोकलून रडल्या. बाप्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. आरं, पाटलाच्या बी डोळ्याला पाणी आलं. केसरबाई, ती सटवी, मायच्या गळ्यात पडली आन् मायपेक्षा मोठ्यानं रडली. मी म्हणलं, आता झालं. आता मला सोडतेत.

हेल थांबला. एका बाईनं मायला तांब्या दिला. मायनं चूळ भरली. केसरबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आन् म्हणली, "व्हय माय, मन मोकळं झालं. पोर गेली की आसंच वाटतं." आन् आप्पाराव म्हणला, "मनकर्णासारखं कुणाला रडता येणार न्हाई. बरं, ऊन वर आलं. कुंकवाची वाटी आणा."

माय वाटीकडं बघत राहिली. सगळ्यांनी ऐकलं व्हतं, सगळे रडले व्हते, आन् आता सगळे नाकं पुसून कुंकू लावायला उठले व्हते. माह्या बानं मला पुढं वढलं.

तवा माय उभी राहिली. कुणाच्या गळ्यात हात न्हाई, हेल न्हाई. पदरानं तोंड कोरडं केलं आन् बाप्यांकडं तोंड करून म्हणली, "थांबा. मी आता रडत न्हाई. मी बोलतेय."

तुमाला आज त्यात काय वाटणार न्हाई. पण तवा आख्खा जमाव चपापला. कुणीतरी म्हणलं, वारं लागलं हिला. माय खणखणीत आवाजात बोलत राहिली. "माह्या मुक्तीला पटकी झाली न्हवती. ह्या सासूनं धरली, ह्या नवऱ्यानं डागली. चिघळून मेली. आत्ता हेच मी रडून सांगितलं तर तुमच्या डोळ्याला धारा लागल्या. तेच बोलले की खोटं का?"

पाटील म्हणला, "बाई, रडायचं तेवढं रड. बोलायचं ते बाप्यांवर सोड."

"कोणत्या बाप्यावर? ह्या?" म्हणून मायनं बाकडं बोट केलं.

मंग ती गहिनीनाथाकडं वळली. दहाव्यासाठी देवाचा भंडारा ताटलीत ठिवला व्हता, ती ताटली तिनं त्याच्यापुढं सरकवली. "उचल. भंडारा हातात घे आन् म्हण, मी डाग दिले न्हाई. येवढं म्हण, मी गप बसते. घिऊन जा पोर."

आमच्यात भंडारा हातात घिऊन खोटं बोलायची कुणाची छाती न्हाई. आप्पाराव वरडला, "उचल बे! घाबरतोस काय?" पण गहिनीनाथाचा हात पुढं जाईना. ते तरणं पोरगं सगळ्यांपुढं बोललं, "मेंढरांना गुण येतो. मला वाटलं, तिला बी येईल. माय म्हणली, बघ करून."

झालं. त्याच्याच तोंडातून आलं. माय ताटलीपाशी उभी व्हती. मी बघत व्हते एकेकाच्या तोंडाकडं. कुणीतरी काहीतरी म्हणंल, पाटील उठंल, कुणी केसरबाईच्या थोबाडीत देईल.

पाटलानं घसा साफ केला. "पोराची चूक झाली. पण मारायच्या इराद्यानं तर केलं न्हाई ना? मूल व्हावं म्हणूनच केलं. भल्यासाठीच केलं." लगेच माना डोलल्या. व्हय, भल्यासाठीच केलं. गुण आला न्हाई, तिचं नशीब. एक म्हातारा तर म्हणला, खरं बोलला पोरगा, मनानं साफ हाय. आन् आप्पारावानं स्वतःच वाटीत बोट बुडवलं. "खरंखोटं झालं ना तुह्या मनासारखं? आता आण धाकटीला."

रांडेच्यांनो! आज इतकी वर्सं झाली, आजबी तो 'भल्यासाठी' शब्द ऐकला की माहं डोकं भणभणतं.

मायनं माह्याकडं बघितलं. मला तिचा तो चेहरा सांगता येत न्हाई. बानं मला पाटावर बसवलं व्हतं. आप्पारावाचं लाल बोट माह्या कपाळाजवळ आलं व्हतं. तेवढ्यात माय धावत आली, माह्यापुढं धप्पकन बसली, दोन्ही हातांनी ऊर बडवला आन् हेल काढला.

"अगं माह्या दगडे गं… मला सोडून कुठं गेलीस गं… काल तर तुही येणी घातली गं, आज कुणाची घालू गं… हिरवा परकर तुहा गं, आता सरणावर ठिवू का गं…"

माह्या नावानं, बायांनो. मी समोर बसलेली, डोळे टकाटका उघडे, आन् माही माय माह्या मयताचा हेल काढत व्हती.

हेलातले शब्द कुणी धरत न्हाई. पण ज्याच्या नावानं हेल काढला, ते मेलं. ही बी रीतच. जित्या माणसाचा हेल कुणा बाईनं काढला तर ते माणूस त्या दिवसापासनं मढं. त्याला सोयरीक न्हाई, त्याच्या हातचं कुंकू न्हाई. मोहनराव पाटील काय, जागीरदार आला असता तरी ते फिरवता आलं नसतं. आप्पारावाचा हात चटका बसल्यासारखा मागं गेला. कुंकवाची वाटी कलंडली. बायका किंचाळून मागं सरकल्या, लेकरांची तोंडं पदरात झाकली. केसरबाई वरडली, "अगं थांब, अगं कैदाशिणी थांब!" पण हेल थांबवता येत न्हाई. माय माह्या गालावरून हात फिरवीत मला शेवटपर्यंत रडली. मुक्तीसाठी रडली त्याच्यापेक्षा जास्त रडली.

मी घाबरून बाला हाक मारली. "बा, ओ बा." तो दोन हातावर उभा व्हता. त्यानं बघितलं न्हाई. परत हाक मारली. तो तसाच वढ्यात उतरला, माह्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं, आन् वल्या धोतरानं चकलांब्याच्या वाटंला लागला. त्याच्यामागं त्याचे भाऊबंद गेले. त्यानंतर माह्या बानं मला कधी हाक मारली न्हाई.

मी मायला इचारलं, "माय, मी मेले का?" ती म्हणली, "न्हाई गं. ह्यांच्यासाठी मेलीस." आन् मला खांद्यावर टाकून चालायला लागली.

चालत चालत आमी हितं, नेकनूरला आलो, धोंडीराममामाकडं. मामानं गोठ्याकडंची खोली दिली. मामी भाकर द्यायची, पण लांबून. मामाची पोरं माह्यासंगं खेळायची न्हाई. संक्रांतीला बायका हळदीकुंकू लावत आल्या की मला वगळून पुढं जायच्या. आन् मायला रडायला बोलावणं बंद झालं. कोण बोलावणार? जित्याला मारणारं तोंड म्हणायचे. मी रोज इचारायची, माय, आपण घरी कवा जायचं. ती माही येणी घालायला घ्यायची.

वर्स सरायच्या आत कानावर आलं, गहिनीनाथाचं दुसरं लगीन ठरलं. पोरीचं नाव गीता. तिचं माहेर हितून सांजच्याला पोचता येईल येवढ्यावर. मायनं मला संगं घेतलं आन् गेली. हळद दळणं चालू व्हतं. माय दारात उभी राहून गीताच्या मायला सांगायला लागली, नीट, शांतपणे, सगळं. तिनं निम्मं बी ऐकलं नसंल. एका बाईनं आमाला वळखलं. "अगं, ही तीच! जित्या पोरीला रडलेली! आन् ती बघ, ती पोर!" लगेच गीताला आत ढकललं, दार लावलं. पोरांनी ढेकळं मारली. माय तिथं लई यळ उभी राहिली, माहा हात धरून. तिचं तोंड उघडलं आन् परत मिटलं. मंग आमी माघारी आलो.

गीता दोन पावसाळे जगली. कशानं गेली म्हणून इचारू नका. पटकीनंच, म्हणले.

सांगावा ऐकला तवा माय जात्यावर बसली व्हती. मी म्हणलं, रड गं माय, हितं कोण ऐकतंय. तर पंचक्रोशीत गाजलेली ती बाई, तिच्या तोंडातून आवाज निघंना. मंग बोलली.

"मी तिच्या मायला सांगत बसले. सांगायचं न्हवतं गं. गीतीला बी जितेपणी रडायला पायजे व्हतं, लगीन मोडलं असतं, वाचली असती. त्या दारात हेल पार गळ्याशी आला व्हता माह्या."

"मंग कावून काढला न्हाई?" मी इचारलं.

"तू शेजारी उभी व्हतीस," माय म्हणली. "तुह्याकडं बघितलं, आन् गिळला."